गच्चीच्या दाव्याचा वारस

मी, वादिराज हणमंतराव मुधोळकर, वय अठ्ठ्याहत्तर, पूर्वी वकिलाच्या कचेरीत टंकलेखक व हल्ली पूर्णवेळ आजोबा, राहणार केशवापूर, हुबळी, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वतःच्या अकलेने लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टर स्नेहा यांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, तिथी सांगितली आणि त्यांच्या दवाखान्याच्या पाटीवरची शुद्धलेखनाची चूकही सांगितली. त्यावर त्यांनी मुकाट्याने शिक्का मारला. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणू शकणारी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी शकुंतला, आणि ती गेल्या वर्षी गेली.

येत्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. मी घाबरलेलो नाही, पण त्यांनी हे फार वेळा सांगितल्यामुळे कागद-शाई घेऊन बसलो आहे. घरदार, ठेवी यांचे माझ्यामागे कसेही नीट झाले असते, कारण मुले चांगली आहेत. मला घोर आहे तो कलम चारचा. घाई असेल त्याने ते आधी वाचावे.

कलम एक. केशवापुरातील राहते घर, गच्चीसह, माझ्या स्वतःच्या कमाईचे आहे. हे घर मी माझा मुलगा मुकुल व सून वेदश्री यांना समाईक देत आहे. दोघे बेंगळुरूला असतात, येणे होत नाही, हे मला ठाऊक आहे. विकायचे तर विकावे, वाईट वाटून घेऊ नये. आईवडिलांची आठवण म्हणून कुलूप घालून ठेवू नये, त्याने फक्त वाळवीचे भले होते. वेदश्रीने शकुंतलेच्या आजारपणात नोकरीवरून बिनपगारी रजा घेऊन तिची सेवा केली, आणि त्याबद्दल मी तिच्यासमोर एकदाही आभाराचा शब्द काढला नाही. सुनेचे आभार कसे मानायचे हे मला कोणी शिकवले नव्हते. बाळ, तुझे फार फार आभार.

कलम दोन. बँकेतील ठेवी नात सावनी हिच्या शिक्षणासाठी. पोस्टातील ठेव आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या हिराबाई यांना. हिराबाई आमटीत मीठ कमी घालतात अशी माझी तक्रार आजही कायम आहे. परंतु शकुंतला गेल्यावर मी जेवायचे सोडले होते, तेव्हा याच बाई ताट वाढून समोर बसत आणि मी जेवेपर्यंत स्वतः जेवत नसत. त्यांना उपाशी ठेवण्याचे पाप नको म्हणून मी जेवलो आणि जगलो.

कलम तीन. माझी दोन टंकलेखन यंत्रे, एक कन्नड व एक इंग्रजी, हीही सावनीला. शेजारी प्रभंजन यांनी आपल्या दिवाणखान्यात शोभेला ठेवण्यासाठी इंग्रजी यंत्र दोनदा मागितले आहे. त्यांना देऊ नये. जो माणूस दुसऱ्याच्या फाटकासमोर आपली मोटार उभी करतो आणि वर "पाचच मिनिटं काका" म्हणून संध्याकाळपर्यंत फिरकत नाही, त्याला माझ्या यंत्राचे एक बटणसुद्धा मिळता कामा नये. मात्र शकुंतलेला रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा तीच मोटार फाटकासमोर तयार उभी होती, हेही नमूद करतो. यंत्र तरीही देऊ नये.

कलम चार. माझ्या मिळकतीत एक चालू दावा आहे. तो मी गुरसिद्दप्पा गवंडी, राहणार गोपनकोप्प, यांच्यावर धारवाडच्या ग्राहक आयोगात लावला असून घराच्या सदोष दुरुस्तीबद्दल नुकसानभरपाई मागितली आहे. तिथे वादीला वादी म्हणत नाहीत, तक्रारदार म्हणतात. जन्मभर वकिलाच्या कचेरीत काढलेल्या वादिराज नावाच्या माणसाची ही केवढी निराशा आहे, ते कोणाला कळायचे नाही. मी येथे वादी व प्रतिवादी असेच लिहिणार.

हकिगत अशी. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात गच्चीच्या कठड्याचा गिलावा सुटला म्हणून आम्ही गुरसिद्दप्पांना बोलावले. माणूस अबोल, कामाला चोख. कठडा त्यांनी नवा करून दिला, त्यात आजही बोट ठेवायला जागा नाही. परंतु शेवटच्या दिवशी गच्चीवरचे पाणी खाली नेणारे नळकांडे त्यांनी सिमेंट घालून पक्के बुजवले, मजुरी घेतली आणि "येतो" असेही न म्हणता निघून गेले. माझे गुडघे गच्ची चढत नाहीत आणि शकुंतलेला वाटले की काम झाले. पावसाळ्यात गच्चीचे तळे झाले. पाणी स्लॅबमध्ये मुरले आणि एका दुपारी निजायच्या खोलीतल्या छताचा मोठा पोपडा धाडकन शकुंतलेच्या उशीवर पडला. ती नुकतीच चहा टाकायला उठली होती.

गुरसिद्दप्पांना फोन केला, उचलला नाही. निरोप पाठवला, आले नाहीत. माझे डोके फिरले. बायकोच्या उशीवर पडलेला तो गिलावा मी पिशवीत भरून ठेवला आणि त्याच संध्याकाळी नोटीस टाइप करायला बसलो. आयुष्यभर लोकांचे दावे टाइप केले होते, स्वतःचा हा पहिलाच, त्यामुळे जरा हात सैल सुटला. "घोर निष्काळजीपणा" हे शब्द मी तीन ठिकाणी घातले. आमचे जुने वकील बाळाचार्य यांनी त्यातले दोन काढायला लावले.

पहिल्या तारखेला शकुंतलाही हट्टाने आली. गुरसिद्दप्पा वकील न घेता एकटेच आले होते, इस्त्रीचा सदरा घालून. अध्यक्षांनी त्यांना विचारले, नळकांडे का बुजवले? ते म्हणाले, "अक्कोर 'तुंब ले' अंद्रु. तुंबीनि." बाई म्हणाल्या भर, मी भरले.

आता हे ज्यांना उमगणार नाही त्यांच्यासाठी लिहितो. आमची शकुंतला मराठी शाळेत शिक्षिका होती आणि घरातही पुस्तकातल्यासारखे बोलत असे. बाकीच्यांचे दूध उतू जायचे तेव्हा ते "दूध गेलं, दूध गेलं" म्हणून ओरडत. ही म्हणायची, "अहो, दूध उतू गेले." लग्नानंतर वर्षभर मला वाटत होते की आमच्या घरात शाळा तपासनीस येणार आहे. त्या शेवटच्या दिवशी ती गवंड्यांना चहा द्यायला वर गेली, बादलीभर पाणी ओतून पाहिले तर ते जागचे हलेना. तिने गच्चीवरून वाकून मला हाक मारली, "अहो, तुंबले!" मी खाली वर्तमानपत्रात होतो आणि माझा डावा कान माझ्याबरोबरच सेवानिवृत्त झालेला आहे. मला ऐकू आले नाही. ऐकू आले ते तिच्या पाठीमागे घमेले घेऊन बसलेल्या गुरसिद्दप्पांना, आणि तेही कन्नडात. ते नळकांड्याकडे वळलेले पाहून, आता ते मोकळे करतील अशा समजुतीने ती खाली आली. कन्नडात 'तुंब' म्हणजे भर. 'ले' म्हणजे काय ते हुबळीत कोणाला सांगायला नको. चिडलेला माणूस पोराला किंवा आडव्या आलेल्या बैलाला 'ले' म्हणतो. पांढऱ्या केसांच्या कारागिराला म्हणत नाही, त्याला आदराने 'री' लावतो.

अध्यक्षांनी पुन्हा विचारले, "अहो, पण ते बुजवलं तर पाणी जाणार कुठून, एवढं तरी विचारायचं." त्यावर गुरसिद्दप्पांनी मान वर केली. ते कन्नडात जे बोलले ते मराठीत लिहितो. "बाई 'री' म्हणाल्या असत्या तर विचारलं असतं. महिनाभर त्यांच्या हातचा चहा प्यालो, कपात प्यालो, घरच्यासारखा. त्या एकदम 'ले' म्हणाल्यावर मी काय विचारायचं?"

शकुंतला उभी राहिली. दारात येणाऱ्या मांजरालाही जी "या" म्हणायची, तिच्या डोळ्यांत पाणी आले. "मी? मी यांना 'ले' म्हणाले?" ती सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि तिच्या त्या व्याकरणशुद्ध कन्नडात तिने सगळे समजावून सांगितले. मराठीत तुंबले म्हणजे काय, ती कोणाला हाक मारत होती, आणि गैरसमज झाला असला तरी माफी मागते, असे म्हणून तिने हात जोडले. गुरसिद्दप्पा खाली बघत म्हणाले, "आतु बिड्री, अक्कोर." झाले, सोडा. अध्यक्षांना हसू आवरेना आणि मला राग आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते छिन्नी-हातोडा घेऊन दारात हजर. नळकांडे मोकळे केले, छताला गिलावा केला. मजुरी विचारली तर नुसता हात हलवला.

तिथेच दावा मिटायला हवा होता, असे शकुंतलेचे म्हणणे पडले. मी ऐकले नाही. गिलावा पडला तो खोटा होता काय? उशीवर डोके असते तर? तक्रार मागे घेणे म्हणजे ती खोटी होती असे लिहून देणे, आणि वादिराज मुधोळकर असले काही लिहून देत नसतो. गुरसिद्दप्पाही असे खमके की तडजोडीला तयार नाहीत. त्यांचे म्हणणे, साहेबांनी दावा मागे घ्यावा, मग मी सही करीन. अध्यक्ष प्रत्येक वेळी म्हणत, मिटवा बुवा. आम्ही दोघेही म्हणायचो, विचार करायला तारीख द्या.

अशा आमच्या तारखा सुरू झाल्या. हुबळीहून धारवाडला चिगरी नावाच्या जलद बसने जायचे. पहिल्यांदा ते पुढे बसले, मी मागे. नंतर एकदा गर्दी होती म्हणून शेजारी बसलो. मग गर्दी नसतानाही बसू लागलो. तारीख मिळाली की बाहेर गिरमिट, म्हणजे आमच्याकडचे कालवलेले चुरमुरे, आणि मिरचीभजी खायची, पैसे कोणी द्यायचे यावर वाद घालायचा आणि परत यायचे. परतताना गुरसिद्दप्पा रस्त्यावरच्या नव्या इमारतींना नावे ठेवायचे. ही ओलावा धरणार, ती पाच वर्षांत फाटणार. मी त्यांना सांगायचो कोणत्या इमारतीचा दावा आमच्या कचेरीत टाइप झाला होता.

मग शकुंतला गेली. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले होते, नंतर कोणीच नव्हते. मी अंथरुणातून उठायचे कारण शोधत पडून असायचो. अशात तारीख आली. जायचे नाही असे मी ठरवले होते. सकाळी फाटकापाशी इस्त्रीचा सदरा घालून गुरसिद्दप्पा उभे. म्हणाले, "चला साहेब, उशीर होतोय. मी एकट्यानं कुणाशी भांडू?" मी दाढी केली, कपडे केले आणि निघालो. त्या दिवसापासून मी पुन्हा माणसांत आलो, हे मी येथे कृतज्ञतेने लिहून ठेवतो. दुसरा कुठला कागद माझ्याजवळ नाही की ज्यावर हे लिहावे.

गेल्या महिन्यात तारखेलाच जाताना बसमध्ये माझ्या छातीत कळ आली. प्रतिवादीने बस थांबवली, वादीला पाठीवर घेतले, रिक्षात घातले आणि दवाखान्यात पोचवले. डॉक्टर स्नेहा म्हणाल्या, थोडा उशीर झाला असता तर कठीण होते. मला सलाईन लावल्यावर गुरसिद्दप्पा तडक धारवाडला गेले आणि आयोगापुढे उभे राहून वादी आजारी आहे म्हणून वादीसाठी त्यांनीच तारीख मागून घेतली. बाळाचार्य म्हणतात, असे त्यांनी साऱ्या वकिलीत पाहिले नाही.

आता घोराचे सांगतो. मुकुल धावत आला. पलंगाशी बसून माझा हात धरून म्हणाला, "अप्पा, तुम्ही काळजी करू नका. तुमच्यामागे केस मी चालवीन. मोठा वकील देईन. आईच्या उशीवर छत पाडणाऱ्याला मी सोडणार नाही." मुलगा प्रेमाने बोलत होता. त्याने तो गिलावा पाहिला होता, बाकीचे काहीच पाहिले नव्हते. मी टाइप केलेली तक्रार पक्की आहे. आयुष्यात एवढा चोख कागद मी दुसरा केला नाही. चांगला वकील दिला तर मुकुल जिंकेल आणि गोपनकोप्पातल्या त्या दोन खोल्यांवर जप्ती आणील.

मुकुल विचारील, मग अप्पा, तुम्हीच दावा मागे का घेतला नाहीत? त्याचे कायदेशीर उत्तर मी वर दिले आहे. खरे उत्तर असे की दावा मिटला असता तर गुरसिद्दप्पा आले नसते. ते उगाच कोणाच्या घरी चहाला जाणारे नव्हेत आणि मी उगाच कोणाला बोलावणारा नव्हे. आम्हा दोघांना भेटायला काहीतरी कारण लागते, आणि एवढे चांगले कारण मी हातचे सोडायला तयार नव्हतो.

तरी मी, वादिराज हणमंतराव मुधोळकर, सदरहू दावा, त्यातून मिळणारी किंवा न मिळणारी नुकसानभरपाई, मानसिक त्रासासह, आणि तो चालवण्याचा वा सोडून देण्याचा सर्व हक्क, माझ्या पश्चात प्रतिवादी गुरसिद्दप्पा गवंडी यांना देत आहे. वादीही तेच, प्रतिवादीही तेच. कोणी कोणाला काय द्यायचे ते त्यांनी आपसात ठरवावे. हे कायद्यात बसते काय, असे बाळाचार्यांनी डोक्याला हात लावून विचारले. बसत नसेल तर मुकुलने पहिल्याच तारखेला वारस म्हणून हजर राहावे आणि दावा काढून घेण्याचा अर्ज द्यावा. ही माझी आज्ञा समजावी. आणि परतताना गुरसिद्दप्पांच्या शेजारी बसून यावे.

शकुंतला त्यांना 'ले' म्हणाली नव्हती, हेही मी माझ्या अखेरच्या कागदावर शपथेवर लिहून ठेवतो. त्यांनी ते केव्हाच मानले आहे. परंतु तिला शेवटपर्यंत ते टोचत होते.

कलम पाच. माझे दिवसकार्य थोडक्यात करावे. हृदयाचे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांवर, काही कमीजास्त झाले तरी, दावा लावू नये. घरात एक वादी पुरे झाला. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुकुलने करावी.

सरतेशेवटी साक्षीदारांविषयी. काल गुरसिद्दप्पा आले होते. मी मृत्युपत्र लिहितो आहे हे त्यांना हिराबाईंकडून कळले असावे. खिशाला नवे पेन लावून आले होते. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाले, "साहेब, नान साक्षि आगबारदेन्री?" मी साक्षीदार होऊ नये काय? मी नाही म्हणालो. कारण सांगितले असते तर दाव्याचे कलम सांगावे लागले असते, आणि ते त्यांनी घेतलेच नसते. त्यांनी पेन खिशात नीट बसवले, हिराबाईंनी आणलेला चहा घेतला नाही आणि पायऱ्या उतरून गेले. त्यांची पाठ बघून माझ्या छातीत जे झाले त्यावर कोणते ऑपरेशन चालत नाही. मी यातून उठलो तर स्वतः गोपनकोप्पाला जाऊन सांगेन. उठलो नाही तर मुकुलने जावे, आणि पुढचा मजकूर त्यांना कन्नडात सांगावा.

गुरसिद्दप्पा, मृत्युपत्रातून ज्याला काही मिळायचे असते त्याची सही साक्षीला घेत नाहीत, अशी आमच्या कचेरीची रीत होती. म्हणूनच मुकुलचीही सही घेतलेली नाही. बाळाचार्यांची घेतली, डॉक्टरीणबाईंची घेतली, कारण ती बाहेरची माणसे आहेत. घरच्या माणसाची घेत नाहीत.

येणेप्रमाणे सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत खाली सही केली. त्यांनीही माझ्या देखत आपापल्या सह्या केल्या.

सही: वादिराज हणमंतराव मुधोळकर

साक्षीदार:
१. बाळाचार्य कट्टी, निवृत्त वकील, धारवाड
२. डॉ. स्नेहा तेरदाळ, केशवापूर, हुबळी

ठिकाण: केशवापूर, हुबळी
दिनांक: १९ जानेवारी २०२५